बहुश्रुत कोणास म्हणावे?

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. ‘बहुश्रुत’ हा शब्द आला की उत्तरेही ठरलेली असतात. ‘डॉ. केतकर बहुश्रुत होते.’ ‘आमचे मुख्याध्यापक बहुश्रुत आहेत.’ समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीच्या एखाद्या मुलीने लिहिले, ‘माझी आजी बहुश्रुत आहे’. आणि समजा, आजीला अक्षरओळख नाही हे गुरुजींना ठाऊक आहे. वाक्यात कर्ता आहे, विशेषण आहे, क्रियापद आहे, व्याकरणाचा एकही दोष नाही. तरी तांबडी शाई तिथे अडखळेल. कदाचित समासात ‘अनुभवी’ किंवा ‘जाणती’ असा शब्द सुचवला जाईल, तोही प्रेमाने, मुलीला योग्य शब्द कळावा म्हणून.

या सुचवणीमागे एक मत आहे. सुशिक्षित मराठी समाजात ते इतके सर्वमान्य आहे की ते उघडपणे मांडायची वेळच येत नाही. विस्तृत आणि साक्षेपी ज्ञान दाखवणारी विशेषणे, म्हणजे बहुश्रुत, व्यासंगी, चतुरस्र, विद्वान, ही ग्रंथांशी नाते असलेल्यांची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अनुभवी, जाणता, हुशार, बारा गावचे पाणी प्यालेला. पहिल्या गटातले शब्द ज्ञानाचे, दुसऱ्या गटातले आयुष्याचे. या मताचे खंडन करणे हा या लेखाचा हेतू आहे. मात्र पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर त्याच्या खंडनाला काही किंमत राहत नाही, म्हणून आधी तो त्याच्या पूर्ण बळानिशी ऐकू.

पूर्वपक्ष

पहिला मुद्दा रूढीचा. ‘श्रुत’ म्हणजे ऐकलेले, तेव्हा ज्याने पुष्कळ ऐकले तो बहुश्रुत, असे कोणी म्हणाले तर पूर्वपक्ष हसून उत्तर देईल की व्युत्पत्तीवरून शब्दाचा आजचा अर्थ ठरत नसतो. ‘कुशल’ माणसाला दर्भ तोडावे लागत नाहीत आणि ‘प्रवीण’ माणसाला वीणा वाजवता यावी लागत नाही. आजचा मराठी माणूस बहुश्रुत म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वाचन असलेला, चार ग्रंथांचा संदर्भ देणारा माणूस असतो. भाषा बोलणाऱ्यांची असते, धातुपाठाची नव्हे.

दुसरा मुद्दा विस्ताराचा. निरक्षर माणसाचे ज्ञान खोल असेल, पण ते एका शिवारात, एका डोंगररांगेत मावते. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. त्यांच्या प्रस्तावनाखंडांचाच पल्ला वेदविद्येपासून विज्ञानेतिहासापर्यंत जातो. साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरला, म्हणजे खानदेशातच, जन्मलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून मराठी विश्वकोशाची उभारणी केली. ‘बहु’ हे या मापाने मोजायचे असते.

तिसरा मुद्दा तपासणीचा, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. विधान लिहिले गेले की ते बोलणाऱ्यापासून सुटते. मग ते दुसऱ्या विधानाशेजारी ठेवून ताडता येते, त्यातली विसंगती पकडता येते. जॅक गुडी आणि इयन वॉट यांनी १९६३ मध्ये साक्षरतेच्या परिणामांवर लिहिलेल्या निबंधात आणि वॉल्टर ऑंग यांनी १९८२ च्या ग्रंथात हाच विचार विस्ताराने मांडला. त्याला प्रयोगाचा आधारही आहे. अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना कोडी घातली. दूर उत्तरेला, जिथे बर्फ असते तिथे, सगळी अस्वले पांढरी असतात; अमुक ठिकाण दूर उत्तरेला आहे; तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? अनेकांनी उत्तर द्यायचे टाळले. आम्ही तिथे गेलो नाही, जो गेला असेल त्याला विचारा, अशा अर्थाचे ते बोलले. यावरून निष्कर्ष काढला गेला की अक्षरांशिवाय अमूर्त विचार दुबळा राहतो.

चौथा मुद्दा सावधगिरीचा. न लिहिलेल्या ज्ञानाचे गोडवे गाताना त्याच्या पोटातले विष विसरू नये. नंदुरबारच्या डोंगराळ भागात बाईला ‘डाकीण’ ठरवून छळण्याचा प्रकार आजही समूळ गेलेला नाही, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची गरज उगाच पडली नाही. भगताच्या तोंडून ऐकलेले सारेच ‘श्रुत’ म्हणून डोक्यावर घ्यायचे काय?

असा हा चतुष्पाद पूर्वपक्ष आहे. आता एकेक पाय पाहू.

रूढीचा दाखला कोणाच्या बाजूचा?

व्युत्पत्तीचा आधार मी सोडून देतो; पूर्वपक्षाने तो नाकारला ते योग्यच केले. रूढीवरच बोलू. पाली परंपरेत बुद्धाच्या शिष्यांमधला बहुश्रुतांत अग्रणी म्हणून आनंदाचे नाव येते. त्याचे सामर्थ्य ऐकण्याचे आणि धारण करण्याचे होते. ती वचने ग्रंथरूपाने लिहिली गेली ती सिंहलद्वीपात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. त्याआधी कित्येक पिढ्या ती मुखातून कानात जात राहिली. जैनांच्या उत्तराध्ययन सूत्राचे अकरावे अध्ययन बहुश्रुताच्या पूजनीयतेवरच आहे, आणि तो आगमही वलभीला लेखनबद्ध होण्यापूर्वी दीर्घकाळ कंठस्थ होता. या शब्दाला पहिली प्रतिष्ठा मिळाली ती ज्या समाजात ग्रंथ हातात नव्हता त्या समाजात.

हे प्राचीन झाले, आजचे बोला, असे म्हटले जाईल. आजचे घेऊ. वेदपाठशाळेतला घनपाठी गुरुमुखातून संथा घेतो. पदांचा क्रम उलटसुलट करून म्हणण्याची त्याची विद्या पोथी वाचून येत नाही, वर्षानुवर्षे ऐकून आणि म्हणून येते. त्याला कोणी ‘अनुभवी’ म्हणून बोळवत नाही. त्याला विद्वान म्हणतात, शाल देतात. म्हणजे कान हे ज्ञानाचे दार आहे हे आजच्या रूढीलाही मान्य आहे. अडचण फक्त तेव्हा येते, जेव्हा तो कान सातपुड्याच्या पायथ्याचा असतो.

नैयायिकांनी कोणतेही लक्षण तपासण्याची रीत घालून दिली आहे. ज्यांना ते लागू पडायला हवे त्यांच्यापैकी कोणी सुटले तर अव्याप्ती, नको तो आत शिरला तर अतिव्याप्ती. ‘ज्याने पुष्कळ वाचले तो बहुश्रुत’ या लक्षणाला दोन्ही दोष लागतात. त्यातून आनंद सुटतो आणि घनपाठ्याची विद्या सुटते. उलट स्पर्धा परीक्षेसाठी देशांच्या राजधान्या आणि चलने पाठ केलेला, पण एका माहितीचा दुसरीशी काय संबंध हे सांगू न शकणारा माणूस बिनदिक्कत आत येतो. अशा माणसाला आपण बोलताना बहुश्रुत म्हणतो का? म्हणत नाही. ‘पाठांतर चांगले आहे’ म्हणतो. तेव्हा रूढी स्वतःच कबूल करते की नुसत्या वाचनाने हे विशेषण मिळत नाही.

अव्याप्तीचे ठळक उदाहरण खानदेशाच्या घरातच आहे. असोद्याच्या माहेरवाशीण आणि जळगावच्या सासुरवाशीण बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची ओव्या-गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी टिपून ठेवली, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. पेरणी, मळणी, घरोटे, सुगरणीचे घर, माणसाच्या मनाचे चाळे, देवाधर्माचा व्यवहार असा त्यांच्या नजरेचा पल्ला होता. तरी त्यांच्यावरच्या लेखांत एक शब्दप्रयोग हमखास भेटतो : ‘निरक्षर असूनही’. त्या ‘असूनही’मध्ये पूर्वपक्ष सगळा साठवलेला आहे. नंदुरबारच्या महाविद्यालयांतून पदवी घेणाऱ्या मुलामुलींच्या प्रमाणपत्रावर २०१८ पासून विद्यापीठाचे नाव म्हणून याच बाईंचे नाव छापले जाते. ज्यांचे नाव पदवीला चालते त्यांना पदवीचे विशेषण मात्र अपवाद म्हणून द्यायचे, हा न्याय कुठला?

विस्तार म्हणजे काय?

पूर्वपक्षाने विस्तार मोजताना दोन मापांची गल्लत केली आहे. प्रदेश किती मोठा हे एक माप, विषय किती हे दुसरे. ‘बहुश्रुत’मधला ‘बहु’ विषयांचा आहे, कोसांचा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या अखेरीस धुळ्यात राहिले आणि त्यांच्या मागे १९२७ मध्ये तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांचे मुख्य कार्यक्षेत्र महाराष्ट्र होते. त्यांना चीनचा इतिहास किती ठाऊक होता हे विचारून त्यांची बहुश्रुतता कोणी मोजत नाही. व्याकरण, भाषाशास्त्र, समाजरचना, वंशावळी, कागदपत्रे अशा अनेक अंगांनी त्यांनी एक प्रदेश जाणला, म्हणून ते बहुश्रुत. हेच माप नंदुरबारला लावा.

हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यांतले सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातींचे, आणि साक्षरता ६४.३८ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. शेवटचा आकडा पूर्वपक्षाच्या सोयीचा आहे. पण त्याच जिल्ह्यात आणखी एक गोष्ट मोजण्यासारखी आहे, ती म्हणजे भाषा. इथल्या डोंगरात पावरी, मावची, देहवाली अशा भिली कुळातल्या बोली आहेत. तापीच्या सपाटीवर अहिराणी आणि गुजर शेतकऱ्यांची गुजरी. तहसील कचेरीत मराठी, सीमेपलीकडे गुजराती, आणि एसटीत, बाजारात हिंदी. घरी एक, बाजारात दुसरी, मालकाशी तिसरी आणि साहेबाशी चौथी बोली बोलणारा माणूस इथे नवलाचा नाही. त्यातल्या एकीलाही त्याने व्याकरणाच्या पुस्तकातून हात लावलेला नसतो. मुंबई-पुण्यात चार भाषा येणाऱ्याची ओळख करून देताना आपण ‘बहुभाषाकोविद’ म्हणतो. इथे ‘त्यांना सगळ्यांशी बोलता येतं’ एवढ्यावर भागते.

ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा भिली आणि खानदेशी बोलींचा भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वत्र एकच मजकूर तुलनेला हवा, म्हणून प्रत्येक बोलीत बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे भाषांतर मागवले गेले. शिवाय एखादा स्थानिक मजकूर आणि ठरावीक शब्दांची यादी. तुलनेसाठी ती पद्धत उपयोगी होती आणि त्या कामाचे मोल कमी नाही. पण परिणाम असा झाला की बोलणाऱ्यांची बोली दप्तरात आली, त्यांना काय ठाऊक आहे ते बाहेरच राहिले. पुढेही आपण बरेचसे असेच करत आलो. माणसाचा उच्चार टिपला, विचार विचारला नाही.

‘एका शिवारात मावणारे ज्ञान’ हे वर्णनही तपासून घ्यावे लागते. नंदुरबार-धुळ्याकडची कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांवर खानदेशातून आलेल्या या कोयता मजुरांचा अभ्यास केला, तेव्हाही हे स्थलांतर रुळलेले होते. मुकादमाची उचल, टनामागचा दर, परक्या मुलखातला पाऊस, दवाखाना, पोलीस या साऱ्यांचा हिशेब करत जगणाऱ्या माणसाला कूपमंडूक म्हणणे वस्तुस्थितीला सोडून आहे.

आता डोंगरातल्या विषयांकडे येऊ. धडगाव तालुक्यात मका आणि ज्वारीचे कितीतरी स्थानिक वाण टिकून राहिले. ‘बाएफ’ या संस्थेने त्यांच्या जतनाचे काम हाती घेतले ते गावकऱ्यांच्या सामुदायिक बियाणे बँकांच्या आधारे. कारण कोणता वाण हलक्या जमिनीत तगतो, कोणता लवकर निसवतो, कोणत्याची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, ही माहिती बी राखणाऱ्या घरांत होती, आणि बी राखण्यात बायांचा वाटा मोठा. याला केवळ शेतीचे ज्ञान म्हणता येणार नाही. त्यात माती आहे, हवामान आहे, स्वयंपाक आहे आणि उपासमारीच्या दिवसांचे अर्थशास्त्रही आहे. याहामोगी ही इथल्या आदिवासींची देवी. सीमेपलीकडे गुजरातेत देवमोगऱ्याला महाशिवरात्रीला तिची यात्रा भरते. तिच्या कथेतही दुष्काळ आणि धान्य यांचा धागा आहे. नर्मदाकाठच्या भिलाला आदिवासींची ‘गायणा’ ही सृष्टीच्या उत्पत्तीची गाथाही गाणाऱ्याच्या मुखातच नांदते. बियाणे, कुळे, सोयरीक, गाथा, पंचांचा न्याय, जनावरांचे आजार हे सारे एकाच माणसाच्या ठायी असेल, तर ‘बहु’ आणखी किती हवे?

हे भावनेच्या भरात म्हटलेले नाही. हॅरल्ड कॉंक्लिन यांनी फिलिपीन्समधल्या मिंडोरो बेटावरच्या हानुनो लोकांच्या वनस्पतिज्ञानावर १९५४ मध्ये प्रबंध सादर केला. त्या लोकांनी नावानिशी वेगळ्या ओळखलेल्या वनस्पतिप्रकारांची संख्या सोळाशेच्या वर भरली. त्याच परिसरातल्या वनस्पतींच्या शास्त्रीय जाती त्याहून कमी होत्या, कारण एकाच जातीतले भेद त्या लोकांनी अधिक बारकाईने केले होते. पुढे क्लोद लेव्ही-स्ट्राउस यांनी १९६२ च्या ग्रंथात याचा आधार घेऊन दाखवले की अशा वर्गीकरणामागे पोटाच्या गरजेइतकीच जाणून घेण्याची ओढ असते. उपयोग नसलेल्या झाडांनाही नावे होती.

तपासणी कोण करतो?

लुरियाच्या अस्वलांकडे आता वळू. मी पाहिले नाही, ज्याने पाहिले त्याला विचारा, हे उत्तर तर्काच्या दुबळेपणाचे लक्षण मानले गेले. भारतीय प्रमाणशास्त्र जाणणाऱ्याला त्यात वेगळेच दिसेल. शेतकऱ्याने प्रत्यक्ष नाही म्हणून सांगितले, आप्ताकडे, म्हणजे विश्वासार्ह जाणकाराकडे, बोट दाखवले, आणि अनोळखी माणसाने पुढे केलेले व्याप्तिवाक्य पारखल्याशिवाय स्वीकारायला नकार दिला. ‘सगळी अस्वले पांढरी’ हे विधान खरे कशावरून, असा त्याचा मूक प्रश्न आहे. परीक्षेत तो नापास झाला, कारण परीक्षेत गृहीतक तपासायचे नसते, मान्य करायचे असते. ही सवय शाळा लावते. ती उपयुक्त आहे, पण तिला ज्ञान म्हणता येत नाही.

हा निव्वळ शब्दच्छल नाही, याचाही पुरावा आहे. सिल्विया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांनी लायबेरियातल्या वाई लोकांचा अभ्यास करून १९८१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. वाई लोकांची स्वतःची लिपी आहे, आणि ती शाळेबाहेर, घरी शिकली जाते. म्हणजे साक्षरता आणि शालेय शिक्षण या एरवी जोडीने येणाऱ्या गोष्टी तिथे सुट्या सापडल्या. निष्कर्ष असा निघाला की केवळ लिहिता-वाचता आल्याने विचारशक्तीत सर्वंकष पालट होत नाही. तर्ककोड्यांची कारणे देण्यातला फरक दिसतो तो मुख्यतः शाळेमुळे. पूर्वपक्षाचा तिसरा पाय, जो सर्वांत भक्कम वाटत होता, तो इथे मोडतो.

आणि आप्ताचे काय? न्यायसूत्रांत शब्दप्रमाण सांगताना आप्ताचा उपदेश म्हणजे शब्द असे म्हटले आहे. त्यावर भाष्य करताना वात्स्यायनाने आप्त कोण ते सांगितले : ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो तो. आणि मग त्याने असा खुलासा केला की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका तर्कशास्त्र्याने विश्वसनीयतेची कसोटी जातिकुळापासून आणि संस्कृतापासून सोडवली होती. आपण ती शाळा सोडल्याच्या दाखल्याला पुन्हा बांधली.

पूर्वपक्षाच्या भात्यात इथे एक बाण शिल्लक आहे, तो मीच काढून देतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात म्हटले आहे की शेळ्या-मेंढ्या आणि गाई राखणारे व इतर वनवासी यांना औषधी नावाने आणि रूपाने ठाऊक असतात. पण लगेच पुढे आहे की नुसते नाव आणि रूप कळल्याने वनस्पतीचे परम ज्ञान होत नाही. देश, काळ आणि समोरचा माणूस पाहून जो तिची योजना जाणतो तोच श्रेष्ठ. मग चरक पूर्वपक्षाच्या बाजूचा की काय? नीट पाहिले तर चरकाने भेद केला आहे तो नाव-रूप जाणणारा आणि योग जाणणारा यांच्यात. लिपी जाणणारा आणि न जाणणारा असा भेद तिथे नाहीच. निघंटू पाठ असलेला पण झाड ओळखू न शकणारा पंडित तर रूपाच्या पायरीवरही पोचत नाही. आणि डोंगरातली एखादी सुईण तीच मुळी बाळंतिणीला वेगळी आणि ताप आलेल्या पोराला वेगळी देत असेल, पावसाळ्यात प्रमाण बदलत असेल, तर ती चरकाच्याच कसोटीने योगाच्या पायरीवर उभी आहे. सुश्रुतानेही औषधींची माहिती गोपाल, तापस, व्याध आणि वनचर यांच्याकडून घ्यावी असे सांगितले, ते उगाच नाही.

जे मान्य करायला हवे

चौथ्या मुद्द्यातले सत्य मी पूर्णपणे मान्य करतो. बाईला डाकीण ठरवणारा भगत बहुश्रुत नव्हे. कारण तो ‘मी जाणतो’ असे म्हणतो, पण कशावरून जाणतो हे कोणाला विचारू देत नाही. आप्ताची दुसरी अट, जसे जाणले तसे सांगणे, तो मोडतो. मात्र हीच फूटपट्टी शहराकडेही न्यावी लागेल. पत्रिका पाहून सून नाकारणारा पदवीधर आणि समाजमाध्यमांवरचे काढे वाटणारा निवृत्त अधिकारी हेही तिच्याखाली येतात. अंधश्रद्धा निरक्षरतेची मक्तेदारी असती तर साक्षरतेचा आकडा चढला तशी ती उतरली असती.

अक्षरांशिवाय न गवसणारे काही ज्ञान असते, हेही खरे. नंदुरबारच्या आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आढळतो. मुलाचे सांधे दुखतात, हातपाय सुजतात, अंगात रक्त धरत नाही, हे आजी ओळखेल. पण आई आणि वडील दोघेही स्वतः धडधाकट वाहक असू शकतात, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे अंगणात बसून हाती लागणे अवघड. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागला. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद केली तेव्हा वाट उघडली. त्यामुळे हा लेख साक्षरतेविरुद्ध नाही. शहादा परिसरातल्या श्रमिक चळवळीतून पुढे आलेल्या वाहरू सोनवणे यांनी आपली कविता लिहिली, छापली, म्हणून तिच्यातला सवाल महाराष्ट्रभर ऐकू गेला. लेखनाने ज्ञानाचे आयुष्य वाढते. पण ज्ञान नव्हते तिथे ते लेखनाने निर्माण होत नाही, आणि होते तिथे ते लेखनाच्या अभावी शून्य ठरत नाही.

मंडन

मग बहुश्रुत कोणास म्हणावे? माझ्या मते तीन कसोट्या पुरतात. पहिली विस्ताराची : एकमेकांपासून दूर वाटणारे अनेक विषय त्या व्यक्तीला ठाऊक हवेत. दुसरी योगाची : त्या विषयांची एकमेकांशी सांगड घालून समोरच्या प्रसंगी काय करावे हे तिला सांगता यायला हवे. तिसरी मर्यादेची : आपले ज्ञान कुठे संपते आणि पुढे कोणाला विचारायचे हे तिला कळायला हवे. या तिन्हींत लिपीचे नाव नाही. ती साधन म्हणून तिन्हींना मदत करते, पण अट होत नाही.

या कसोट्या लावून रोजची वाक्ये करून पाहावीत. ‘आमचे सर बहुश्रुत आहेत, त्यांच्या घरी दोन कपाटे पुस्तके आहेत’ हे वाक्य अपुरे आहे. कपाटे विस्ताराचीही खात्री देत नाहीत. ‘माझी आजी बहुश्रुत आहे; कोणत्या सालात कोणते बी टिकले, कोणत्या कुळाची सोयरीक कोणाशी होते, गाय विताना अडली तर काय करावे हे तिला ठाऊक आहे, आणि तिच्या हाताबाहेरचे असेल तर ती स्वतःच दवाखान्यात न्यायला सांगते’ हे वाक्य पूर्ण आहे. ‘आदिवासी निसर्गाचे बहुश्रुत ज्ञाते असतात’ हे वाक्य मात्र चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे हे समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

कारण प्रचलित मताची एक गोड बोलणारी आवृत्तीही आहे. ती निरक्षरांना तुच्छ मानत नाही, उलट ‘आदिवासींचे पारंपरिक ज्ञान’ म्हणून त्यांचा गौरव करते. फक्त तो गौरव नेहमी अनेकवचनी असतो. केतकर, राजवाडे, तर्कतीर्थ यांचे ज्ञान त्यांच्या नावावर जमा होते. डोंगरातल्या माणसाचे ज्ञान जमातीच्या नावावर. जणू ते रक्तातूनच आले, कोणी कष्टाने मिळवलेच नाही. प्रत्यक्षात त्या गावांतही सगळे सारखे जाणत नाहीत. कोणी आळशी असतो, कोणी अर्धवट ऐकून सांगतो, आणि एखादीच अशी असते जी लहानपणापासून म्हाताऱ्यांच्या मागे फिरली, प्रश्न विचारत राहिली, चुकली, पुन्हा पाहून शिकली. तिच्या व्यासंगाला जमातीच्या स्वभावात विरघळवणे हाही तिच्यावर अन्यायच. ‘बहुश्रुत’ला कर्ता एकवचनी हवा.

भाषा जिथे कचरते तिथे कायदा पुढे गेला आहे, ही गमतीची गोष्ट. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या २००८ च्या नियमांत तेराव्या नियमाने पुराव्यांची जी यादी दिली, तिच्यात दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन हाही एक पुरावा आहे. म्हणजे शासनाच्या दारात म्हाताऱ्याचा शब्द प्रमाण ठरू शकतो. जैवविविधता कायदा २००२ चा; त्याखाली गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. तिच्या ठरवून दिलेल्या नमुन्यात वैदू आणि पारंपरिक उपचार करणाऱ्यांची यादी मागितली आहे. शिवाय शेती, मासेमारी आणि जंगल यांविषयी ज्यांना ज्ञान आहे असे गावकरी मानतात, त्या व्यक्तींचीही नावे मागितली आहेत. इथे निवड गावाने करायची आहे आणि नावे एकेकट्या माणसांची द्यायची आहेत. निवडणाऱ्याने प्रमाणपत्र पाहायचे नाही, या माणसाला काय काय ठाऊक आहे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचे आहे.

पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही सोपस्कार म्हणून भरली जाण्याचा धोका असतो. बाहेरून आलेला माणूस झाडांची शास्त्रीय नावे उतरवून घेतो आणि माणसांचा रकाना दोन ओळींत आटोपतो. त्या रकान्यात कोणाचे नाव जाते आणि का जाते, यावर ग्रामसभेत वाद व्हायला हवा. अमकीला खरेच ठाऊक आहे की ती नुसती बोलते, तमक्याचे औषध किती जणांना लागू पडले, चुकले तेव्हा त्याने कबूल केले का, हे गावाने उघडपणे विचारावे. खंडन-मंडन ही काही मठांची आणि परिषदांची मिरास नाही. ज्याचे नाव त्या वादातून टिकेल त्याला बहुश्रुत म्हणायला मराठीने कचरू नये. आणि ज्याचे टिकणार नाही त्याला, मग तो कितीही शिकलेला असो वा कितीही डोंगरातला, ते विशेषण देऊ नये.